मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला: आईवडिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुटुंबीयांच्या सभेत आठवड्यामागून आठवडा जवळपास हेच प्रश्न येतात. विचारणाऱ्या बहुतेक आया असतात. वडील मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसतात आणि चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारतात. उदाहरणं दारूची जास्त आहेत, कारण आमच्याकडे तीच घरं जास्त येतात. गर्द (ब्राउन शुगर) किंवा गोळ्यांच्या बाबतीत जिथे वेगळं वागावं लागतं, तिथे तसं लिहिलं आहे. सगळीकडे ‘तो’ म्हटलंय, पण मुलगी असेल तर काय, हेही पुढे आहे.

तो परवा घरी येतोय. काय तयारी करू?

आधी घर धुंडाळा. शोकेसमधली पाहुण्यांसाठी ठेवलेली बाटली तर काढाच, पण फ्लशची टाकी, सिलिंडरमागची जागा, माळा, स्कूटरची डिकी हेही बघा. त्याने लपवून ठेवलेलं तो येण्याआधी निघालेलं बरं. आजीच्या झोपेच्या गोळ्या आणि घरातली खोकल्याची औषधं कुलपात ठेवा. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल किंवा कोडीन (अफूपासूनचं द्रव्य) असतं.

दुसरं, पहिल्या आठवड्यात घरात गर्दी नको. सत्यनारायण घालून पन्नास माणसं बोलवायचा मोह बऱ्याच घरांना होतो. पूजा पुढेही घालता येईल. प्रत्येक पाहुणा त्याला ‘आता बरं वाटतंय ना?’ असं ज्या सुरात विचारतो, तो सूर त्याला अजून झेपत नाही.

पहिल्या फॉलो-अपची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

पूर्ण बरा व्हायला किती दिवस लागतात?

शरीरातून दारू उतरायला दिवस लागतात, डोकं ठिकाणावर यायला महिने. सुरुवातीचे काही महिने झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, काहीच गोड लागत नाही, कधी कधी तर नुसतं बसून राहावंसं वाटतं. ‘आळशी झालाय’ असं त्याला म्हणू नका. मेंदूची घडी परत बसायला तेवढा वेळ लागतो. व्यसन हा मधुमेहासारखा सांभाळायचा आजार आहे, त्यामुळे केंद्रातून सुटीचा कागद मिळाला की प्रकरण मिटलं, असं धरून चालू नका.

पैसे द्यायचे की नाही?

या प्रश्नावर सभेचा अर्धा तास जातो. नवराबायकोत भांडण लागतं तेही इथेच.

‘आई, दोनशे दे ना, पेट्रोल टाकायचंय.’ नाही म्हटलं तर पोरगं दुखावतं, दिले तर आपल्याला झोप लागत नाही. यावर घरांनी शोधलेला उपाय साधा आहे: रोख रक्कम हातात न देता खर्च परस्पर भागवायचा. पेट्रोल हवं तर पंपावरून क्यूआर पाठव, फोनचं बिल बाबा भरतील, भाजी आणायला गेलास तर पावती आण. हे पहिल्या काही महिन्यांपुरतं आणि त्याच्याशी बोलून ठरवलेलं असावं. शक्यतो केंद्रातून निघण्यापूर्वी समुपदेशकासमोर ठरवा. मागाहून एकतर्फी लादलेला नियम त्याला शिक्षा वाटतो.

तो कमावता असेल तर पगार त्याचाच आहे. अनेक मुलं स्वतःहून एटीएम कार्ड घरी देतात. तसं दिलं तर ठेवा. दिलं नाही तर हिसकावू नका, पण त्याचं कर्ज तुम्ही फेडू नका. बारवाल्याची उधारी, मित्राचे हातउसने, मोबाइलवरच्या कर्ज ॲपची थकबाकी ही त्याने फेडायची. वसुलीवाले घरी आले तर ‘त्याच्याशी बोला’ एवढं सांगा, आणि धमक्या येत असतील तर पोलिसांत तक्रार करा. आईने पाटल्या गहाण ठेवून फेडलेलं कर्ज मुलाच्या लेखी कधी झालेलंच नसतं. घर चालवायला मात्र त्याच्याकडून ठरलेली रक्कम मागा, हजार रुपये का असेना.

तोंडाचा वास घ्यायचा का? खिसे तपासायचे का?

तो घरात शिरला की आई दाराशी उभी, पाण्याचा ग्लास पुढे करायच्या निमित्ताने जवळ जाऊन श्वास घेणारी. त्याला ते पहिल्याच दिवशी कळतं. मग तो लवंग चघळून येतो, प्यायलेला नसला तरी. ‘वास घेताच आहात, तर पितोच’ हे वाक्य आम्ही अनेक मुलांच्या तोंडून ऐकलंय. ती पळवाट आहे, मान्य. पण ती पळवाट त्याला आयती का द्यायची?

शंका आली तर सरळ विचारा: ‘आज घेतलीस का?’ एकदाच विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. तपासणीची खरंच गरज असेल, विशेषतः गर्द किंवा गोळ्यांच्या बाबतीत, तर लघवीची चाचणी डॉक्टरांमार्फत आणि त्याच्या संमतीने होते. ते काम केंद्राचं आहे. दिवसरात्र पहारा देणारी आई सहा महिन्यांत बीपीची गोळी खायला लागते आणि मुलाला प्यायची असेल तर तो पितोच.

त्याचे बाबा रोज दोन पेग घेतात, पण त्यांचं कंट्रोलमध्ये आहे. त्यांनाही सोडावी लागेल का?

घरात तरी, हो. जेवणाच्या टेबलावर ग्लास ठेवून मुलाला संयम शिकवता येत नाही. बाबांना सोडणं जड जात असेल, तर त्यांचं खरंच ‘कंट्रोलमध्ये’ आहे का हेही त्या निमित्ताने कळेल. पुढच्या सभेला दोघांनीही या.

दारू घरीच बंद केली तर चालेल का? पुन्हा दाखल करायला पैसे नाहीत.

रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत माणूस भ्रमात जाऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो. ही लक्षणं दिसली तर ‘उतरेल’ म्हणून वाट बघू नका, दवाखान्यात न्या. आधी कधी फिट आलेली असेल, तर घरी प्रयत्नच करू नका.

पैशांचं म्हणाल, तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे खर्च खासगी केंद्राच्या मानाने फारच कमी येतो. नावाला बिचकू नका.

जेवणात गुपचूप मिसळायची पावडर मिळते म्हणे. ती देऊ का?

नाही. कितीही जाहिराती येऊ द्यात, नाही.

अशा पावडरीत काय आहे हे पाकिटावर कळतच नाही. काही घरांत दुकानातून डायसल्फिराम नावाची गोळी आणून डाळीत घालतात. ती खऱ्या उपचारातली आहे, पण तिचं काम समजून घ्या: गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि माणूस दगावूही शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. म्हणून ती यकृताची तपासणी करून, रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. ज्याला माहीतच नाही तो संध्याकाळी बारमध्ये जाणार, आणि नंतर आईने काय केलं हे त्याला कळलं की त्या घरचं जेवण तो पुन्हा विश्वासाने जेवणार नाही.

दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधंही आहेत. त्याला डॉक्टरांशी बोलू द्या. गोळी घेण्याची आठवण करणं ठीक, पण ती घशात घालणं तुमचं काम नव्हे.

लग्न करून दिलं तर जबाबदारी पडेल आणि सुधारेल, असं सगळे म्हणतात.

सगळे म्हणतात, आणि मग तीच माणसं अक्षता टाकून, जेवून निघून जातात. राहते ती मुलगी.

हा उपाय महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चाललाय आणि त्याचा निकाल आम्ही रोज बघतो. पुण्याच्या मुक्तांगण केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट चालवावा लागतो, यावरून काय ते ओळखा. जो स्वतःची झोप आणि पगार सांभाळायला आत्ता शिकतोय, त्याच्यावर संसार टाकून तो सावरत नाही. शिवाय व्यसन लपवून लावलेलं लग्न फसवणुकीच्या कारणावरून कोर्टात आव्हान दिलं जाऊ शकतं.

पहिलं वर्ष लग्न, नवा धंदा, जमीनविक्री असे मोठे निर्णय पुढे ढकला. पुढे कधी स्थळ आलंच, तर मुलीला आणि तिच्या घरच्यांना सगळं सांगा. ते सांगायचं काम मुलाचं आहे आणि ते तो करू शकतो का, यावरूनच तो लग्नाला तयार आहे की नाही हे समजेल.

लग्न आधीच झालंय. सून सारखी किरकिर करते, म्हणून तो पितो असं आम्हाला वाटतं.

तो सून येण्याआधी पीत होता का, हे आधी आठवा. बहुतेक घरांत होता.

तिच्या किरकिरीमागे फी भरायची राहिलेली शाळा असते, मोडलेलं मंगळसूत्र असतं. तो केंद्रातून आला म्हणून तिचा राग त्याच तारखेला संपत नाही. तिला ‘आता तो सुधारलाय, तू जुळवून घे’ म्हणू नका. आणि दोघांच्या भांडणात मुलाचे वकील होऊ नका. तिला एकटीला सभेला यायचं असेल, तर नातवंडं सांभाळायला तुम्ही थांबा. सासू-सासऱ्यांकडून होणारी ही सगळ्यात मोठी मदत आहे.

नातेवाइकांना काय सांगायचं? आणि गटारी, हळद, थर्टी फर्स्ट?

काय सांगायचं हे त्याला विचारून ठरवा, म्हणजे घरातले सगळे एकच सांगतील. ‘तब्येतीमुळे दारू बंद केलीय’ एवढं पुरतं आणि ते खोटंही नाही. कुणी खोदून विचारलं तर विषय बदला.

कार्यक्रमांचं मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. श्रावणाच्या तोंडावर येणारी गटारी, हळदीची रात्र, वरातीच्या मागे चालणारी गाडी, विसर्जनाची मिरवणूक, धुळवड: पहिल्या वर्षी यांतलं जे टाळता येईल ते टाळा. टाळता येत नसेल तर सोबत जा, अक्षता पडल्या की जेवून परत या, स्वतःच्या गाडीने जा म्हणजे निघणं हातात राहील. ‘एक घे रे, आजच्या दिवस’ म्हणणारा मामा प्रत्येक घरात असतो. त्याला आधीच फोन करून सांगायचं काम वडिलांचं.

त्याने माळ घातलीय. आता पुन्हा पिणार नाही ना?

माळेचा अनेकांना खरा आधार झालाय, वारीत चालणाऱ्यांत असे कितीतरी भेटतील. तिची थट्टा करू नका. पण माळ घातली म्हणून फॉलो-अप आणि गोळ्या बंद करू देऊ नका. देवाच्या, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घ्यायला लावणं तर टाळाच. शपथ मोडली की त्या अपराधापोटी तो आणखी पितो.

परत प्यायला. सगळं पाण्यात गेलं का?

नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. उपचारानंतर पुन्हा घसरणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे, साधारण निम्म्याच्या आसपास. त्यांतले पुष्कळ जण नंतर सावरतात.

त्या रात्री काही बोलू नका. नशेतल्या माणसाशी केलेली चर्चा सकाळी फक्त तुम्हाला आठवते. तो शुद्धीवर आहे ना, श्वास नीट आहे ना, एवढं बघा आणि कुशीवर झोपवा. सकाळी चहा झाल्यावर, आवाज न चढवता: ‘काल काय झालं ते मला माहितीये. समुपदेशकांना तू फोन करतोस की आपण मिळून करायचा?’ पुढचं वाक्य त्याचं.

त्याच्या साहेबांना ‘ताप आलाय’ असा फोन तुम्ही करायचा नाही. अंथरुणात उलटी झाली असेल तर चादर त्याने धुवायची. मन घट्ट करावं लागतं, विशेषतः शेजारी बघत असताना. पण हीच चादर दहा वर्षं आईने गुपचूप धुतली, म्हणून त्याला उलटी झाल्याचं कळलंच नाही, अशी घरं आमच्या ओळखीची आहेत.

एकदा घेतली म्हणून लगेच बॅग भरून केंद्रात नेलंच पाहिजे असं नाही. लवकर कळलं तर कधी कधी फॉलो-अप वाढवून भागतं. ते केंद्र ठरवेल.

गर्द घ्यायचा. त्याच्यासाठी वेगळं काही?

हो, आणि हे नीट वाचा. गर्द किंवा अफूपासूनच्या गोळ्या काही आठवडे बंद राहिल्या की शरीराची सवय मोडते. तो पुन्हा ‘नेहमीएवढी’ घेतो, आणि तीच मात्रा आता जिवावर उठते. केंद्रातून आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणून सगळ्यात धोक्याचे. हाक मारून, चिमटा काढूनही उठत नाही, श्वास मंद किंवा घरघर, ओठ निळसर, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी: लगेच १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा. नालोक्सोन नावाचं उतारा देणारं औषध आहे, पण ते वेळेत मिळायला हवं.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. एनडीपीएस या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देणारं ६४-अ हे कलम आहे. तपशील वकिलाकडून समजून घ्या.

तो अंगावर येतो, मारतो.

मग हा फक्त व्यसनाचा प्रश्न राहिला नाही. घराबाहेर पडा, ११२ ला फोन करा. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ आईलाही लागू आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. ‘पोटच्या पोराविरुद्ध तक्रार कशी करू’ हे समजतं, पण मार खात राहिल्याने त्याचं व्यसन सुटत नाही.

केंद्र कसं ओळखायचं? तो तयार नसेल तर उचलून नेणारे लोक आहेत म्हणे.

आहेत. रात्री गाडी येते, चार जण हातपाय धरून नेतात, महिनोन्‌महिने घरच्यांना भेटू देत नाहीत, कुठे कुठे मारहाणही होते. मुलगा परत येतो तो पालकांवर कायमचा रुसून.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाच्या उपचारालाही लागू आहे. प्रौढ माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर जीवाला किंवा इतरांना गंभीर धोका असावा लागतो, आणि एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि आणखी एका तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासावं लागतं. अशी भरती सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच असते. साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे.

बघायला जाल तेव्हा विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात, रात्री फिट आली तर कोण असतं, घरच्यांची सभा होते का, सुटीनंतर फॉलो-अप किती काळ. आतली खोली आणि स्वयंपाकघर दाखवायला कुरकुर केली तर तिथून निघा. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आणि पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण ही जुनी, माहितीतली नावं. तुमच्या गावाजवळ कोणतं चांगलं आहे हे जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा.

मुलगी असेल तर?

आजार तोच. लपवालपवी दुप्पट, कारण ‘लोक काय म्हणतील’ दुप्पट. त्यामुळे मुली उपचाराला उशिरा येतात. महिलांसाठी वेगळा विभाग असलेलं केंद्र शोधा, आणि तिला आधी मारहाण किंवा अत्याचार झाला आहे का, हे विचारायला घाई न करता समुपदेशकावर सोडा.

धाकटा भाऊ म्हणतो, ‘तुमचं सगळं लक्ष दादाकडेच.’

तो खरं बोलतोय. त्याच्या दहावीला, त्याच्या मॅचला जा. दादाचा हिशोब ठेवायचं काम त्याला देऊ नका.

आमचं चुकलं कुठे?

आईवडिलांच्या सगळ्या प्रश्नांमागे हाच असतो. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानतात. उरलेल्यात वय, मित्र, उपलब्धता, दबलेली दुखणी असं बरंच काही येतं. एकाच घरात, एकाच आईवडिलांनी वाढवलेला दुसरा मुलगा शिवतही नाही, हे तुम्हीच आम्हाला सांगता.

अमेरिकेत १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना सुरू झाली, आणि तिच्या एका संस्थापकाच्या पत्नीच्या पुढाकाराने १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी अल-अनॉन. तिथे तीन गोष्टी सांगतात: आम्ही हे घडवलं नाही, आम्ही हे ताब्यात ठेवू शकत नाही, आम्ही हे बरं करू शकत नाही. महाराष्ट्रातही अल-अनॉनच्या सभा होतात, पैसे लागत नाहीत, आडनाव सांगावं लागत नाही. मुलगा एएला जात नसला तरी तुम्ही जाऊ शकता. वडिलांनीही.

आणि तुमची बंद पडलेली भिशी, भजनी मंडळ, सकाळचं फिरणं परत सुरू करा. ‘तो बरा झाला की’ म्हणून थांबू नका.

रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा?

जिवाला धोका असेल तर १०८ किंवा ११२. व्यसनाबद्दल सल्ल्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. तो किंवा तुमच्यापैकी कुणी जीव द्यायची भाषा करत असेल, तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, मराठीतही बोलता येतं. केंद्राचा नंबर आणि त्याच्या एएमधल्या स्पॉन्सरचा (त्याला आधार देणाऱ्या जुन्या सदस्याचा) नंबर कागदावर लिहून फ्रीजवर लावा. घाईत फोनमधलं नाव सापडत नाही.